रँग्लर परांजपे : पहिल्या नंबरामागचे घर



परीक्षांचे दिवस जवळ आले की आमच्याकडे फोन येऊ लागतात. नातवाला बगरूतला गणिताची पाच युनिटे झेपतील का, नात इतिहासात चांगली पण गणितात मागे का, शेजारणीची मुले सगळ्या विषयांत पुढे आणि आपलीच का नाहीत, असे प्रश्न आजी-आजोबा आम्हांस विचारतात. आम्ही जन्मभर शिक्षकाचा धंदा केला, त्यामुळे आमच्याजवळ उत्तर असणार अशी त्यांची समजूत. बोलणे संपता संपता बहुतेक जण स्वतःच निकाल देऊन टाकतात, की शेवटी डोके जन्मतःच असावे लागते, ते नसेल तर मास्तर तरी काय करणार.

या निकालावर आम्ही वाद घालीत नाही. त्याऐवजी एका माणसाची हकीकत सांगतो. तीच आज येथे लिहून काढीत आहोत.

रँग्लर परांजपे हे नाव आमच्या वयाच्या मंडळींना नवे नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा वर्गात कोणी अवघड उदाहरण चटकन सोडविले की मुले त्याला कौतुकाने रँग्लर म्हणत, आणि साध्या बेरजेत चुकणाऱ्यालाही चेष्टेने तेच म्हणत. पण रँग्लर म्हणजे काय आणि परांजपे रँग्लर झाले कसे, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरडी या खेड्यात झाला. नवगाव, रेवदंडा, म्हसळा ही आपल्या वाडवडिलांची गावे ज्या कोकणपट्टीत आहेत, तिच्याच दक्षिणेच्या भागातले हे गाव. अशा खेड्यातल्या मुलाला इंग्रजी शिकून पुढे जायचे म्हटले की परगावी कोणाचा तरी आधार लागे. रघुनाथाला तो आधार नात्यातल्या एका मोठ्या भावाने दिला. तो भाऊ म्हणजे धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी झालेले आपले अण्णासाहेब कर्वे. ते रघुनाथापेक्षा अठरा वर्षांनी मोठे होते. त्यांचे गाव मुरूड. हे मुरूड दापोलीचे, जंजिऱ्याचे नव्हे.

कर्व्यांचे स्वतःचे शिक्षण कसे झाले ते येथे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेस बसायचे होते. केंद्र साताऱ्याला. भर पावसाळ्यात, सह्याद्रीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत ते तेथे पोहोचले. अंगाने किरकोळ असल्यामुळे ते सतरा वर्षांचे दिसत नाहीत असे परीक्षकांनी ठरविले आणि त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. आले तसे ते परत गेले. पुढे १८८१ साली, तेवीस वर्षांचे झाल्यावर, ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली गणित घेऊन बी.ए. झाले. म्हणजे ज्याला आपण वेळेवर पास होणे म्हणतो तसे ते कधी झालेच नाहीत. मुंबईत मुलांना शिकवून ते संसार चालवीत, आणि मिळालेल्या प्रत्येक रुपयातून एक पैसा परोपकारासाठी बाजूला काढून ठेवीत.

रघुनाथ शिकायला आला तो या घरात. मुंबईच्या मराठा हायस्कुलात त्याचे नाव घातले गेले. मुलगा हुशार होता यात शंका नाही, ते आम्ही नाकारीत नाही. पण त्या हुशारीला रोजचे वळण लागले ते या घरात. शिकविणे हाच घरातल्या कर्त्या माणसाचा व्यवसाय होता आणि गणित हाच त्याचा विषय. शिक्षणासाठी चालत शंभर मैल जावे लागते, आणि तेवढे करूनही कधीकधी रिकाम्या हाती परतावे लागते, हे ज्याने स्वतः अनुभवले होते तो माणूस या मुलाच्या पाठीशी उभा होता. अडलेले उदाहरण विचारायला त्याला कोणाच्या दारात जावे लागले नाही.

१८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. रघुनाथही त्याच कॉलेजात शिकू लागला. तेथे त्याला गोखल्यांसारखे गुरू लाभले. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे हिंदुस्थानभर शाळांतून चालत होते. विद्यापीठाच्या परीक्षांत परांजपे चमकले आणि १८९६ साली हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. वय वीस वर्षांचे.

आता रँग्लर म्हणजे काय ते सांगतो. केंब्रिज विद्यापीठात गणिताची ट्रायपॉस नावाची मोठी परीक्षा असे. दिवसचे दिवस तिचे पेपर चालत. त्यात जे पहिल्या वर्गात येत त्यांना रँग्लर म्हणत आणि त्या सर्वांत जो पहिला येई तो सीनियर रँग्लर. निकाल सिनेट हाऊसमध्ये नावे वाचून जाहीर होई, आणि पहिला कोण आला ही बातमी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतून छापून येई. नुसती बुद्धी तेथे पुरत नसे. ठरलेल्या तासांत भराभर आणि बिनचूक उदाहरणे सोडविण्याचा सराव लागे. त्यासाठी इंग्रज विद्यार्थीसुद्धा खासगी शिकवणी लावून दोन-दोन, तीन-तीन वर्षे तालीम करीत. हिंदी माणसांपैकी पहिले रँग्लर बंगालचे आनंदमोहन बोस, ते १८७४ साली. सीनियर रँग्लर मात्र कोणी झाले नव्हते.

१८९९ साली तो मान परांजप्यांना मिळाला. त्यांचे आणि बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याचे गुण सारखे धरून दोघांना मिळून पहिला क्रमांक देण्यात आला. राज्य इंग्रजांचे, विद्यापीठ त्यांचे, परीक्षकही त्यांचेच, आणि पहिला आला कोकणातला मुलगा. हिंदुस्थानात केवढा आनंद झाला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. लगेच १९०१ साली सेंट जॉन्स कॉलेजाने त्यांना फेलो निवडले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच १८९९ साली अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. एकाच घरातले दोन मुलगे, एक केंब्रिजला पहिला आणि एक मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिला, आणि दोन्ही एकाच वर्षी! याला कोणी रक्ताचा गुण म्हणेल. आम्ही घराचा गुण म्हणतो. आमच्या म्हणण्याचा आधार पुढे येतो.

विलायतेहून परतल्यावर परांजप्यांना सरकारी खात्यात भरपूर पगाराची मोठी जागा सहज मिळाली असती. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षे माफक वेतनावर काम करण्याचे वचन देत असत. गोखले आणि कर्वे त्याच वाटेने गेले होते. परांजपेही त्याच वाटेने गेले. १९०२ साली, सव्वीस वर्षांचे असताना, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि सुमारे वीस वर्षे त्यांनी ती धुरा वाहिली. ज्यांच्या आधाराने आपण वर आलो त्यांचे ऋण त्यांनी पुढच्या मुलांना शिकवून फेडले. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू परांजपेच झाले. पुढे ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर झाले आणि उतारवयात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ मे १९६६ रोजी नव्वदीत असताना ते वारले.

पण आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट या मानाच्या यादीत सापडत नाही. ब्रह्मदेशात नोकरी करणाऱ्या करमरकर नावाच्या गृहस्थांची एक लहान मुलगी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत शिकायला ठेवली होती. तिचे नाव इरावती. आईवडील समुद्रापलीकडे, मुलगी वसतिगृहात. त्याच शाळेत परांजप्यांची कन्या शकुंतला होती. मैत्रिणीच्या ओळखीने इरावती परांजप्यांच्या घरी आली आणि त्या घरची दुसरी मुलगी होऊन वाढली. घरात पुस्तके होती, वादविवाद होते, आणि मुलींनाही मते असतात हे मानणारी वडीलधारी माणसे होती. तीच पुढे मानववंशशास्त्राच्या विदुषी आणि युगान्त या ग्रंथाच्या लेखिका इरावती कर्वे झाली. अण्णासाहेबांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी तिचा विवाह झाला.

येथे रक्ताचे नाते नव्हते. अण्णासाहेबांनी रघुनाथाला घरात घेतले, रघुनाथरावांनी इरावतीला घेतले, आणि दोन्ही वेळा तेच घडले. घराचा गुण म्हणतो तो यासाठी.

इरावतीबाईंची आणखी एक हकीकत आपल्याशी फार जवळची आहे. १९२८ साली त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे प्राध्यापक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवणच अशी असते की त्यांची बुद्धी इतरांहून सरस ठरते, असे या गृहस्थांचे मत होते, आणि ते सिद्ध करण्याच्या कामी त्यांनी या मराठी विद्यार्थिनीला लावले. बाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या एकेक करून मोजल्या. मोजमापांतून तसे काहीही निघाले नाही, आणि नाही ते नाही असे त्यांनी प्रबंधात स्पष्ट लिहून दिले. ज्यांच्या हाती आपली पदवी, त्यांच्याच मताविरुद्ध! याच फिशर यांनी पुढे हिटलरच्या वंशद्वेषाला शास्त्राचा मुलामा दिला. त्या मुलाम्याची किंमत कोणी मोजली हे आम्ही या पानांवर सांगण्याची गरज नाही. अमक्याच्या डोक्यात बुद्धी असते आणि तमक्याच्या नसते, हा विचार किती दूरवर जाऊ शकतो ते यावरून दिसते.

तो विचार लहान रूपात आम्हीही एकदा बोलून दाखविला होता, हे कबूल केले पाहिजे. या देशात शिकवू लागल्यावर पहिल्या काही वर्षांत एका आईने आम्हांस शाळेच्या दारात गाठले. बाई आपल्याच समाजातली, कारखान्यात रात्रपाळी करणारी, हिब्रू मोडकेतोडके. मुलाच्या गणिताचे काय करावे असे तिने विचारले. आम्ही घाईत होतो. त्याला गणिताचे डोके नाही, दुसरे काही शिकवा, असे सांगून आम्ही मोकळे झालो. बाई काही न बोलता निघून गेली. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात तो मुलगा भेटला. तो आता जमीन मोजणीच्या कामात आहे, रोज आकडेमोडीतच असतो. सैन्यात असताना एक सोबती रोज रात्री तासभर त्याला घेऊन बसे, असे त्याने सांगितले. आमच्याबद्दल तो वाईट बोलला नाही. पण तो तास आम्ही का दिला नाही, हा प्रश्न घेऊन आम्ही त्या लग्नाहून परतलो, आणि तो अजून आमच्याजवळच आहे.

केंब्रिजनेही १९०९ नंतर रँग्लरांचा अनुक्रम लावणे बंद केले. पहिल्या नंबराच्या शर्यतीत खरे गणित मागे पडते असे तेथल्या मंडळींना वाटू लागले होते. म्हणजे ज्या मानासाठी परांजप्यांचे नाव झाले तो मानच आज शिल्लक नाही. मुरडीच्या मुलाला ज्या घराने जवळ घेतले त्याची आठवण मात्र आहे.

म्हणून फोन करणाऱ्या आजी-आजोबांना आमचे एवढेच सांगणे असते. नातवाचे गणित तुम्हांला येत नसेल, त्याचे हिब्रू पुस्तक वाचता येत नसेल, तरी हरकत नाही. संध्याकाळी ठरलेल्या वेळी टेलिव्हिजन बंद करून त्याच्याशेजारी बसा. आज काय शिकलास ते मला समजावून सांग म्हणावे. तो तुम्हांला मराठीत समजावू लागला की त्याचे त्यालाच निम्मे कळेल. आणि शेजारच्या घरात एखादे मूल एकटे पडले असेल, आईबाप कामावर असतील, तर त्यालाही त्याच टेबलाशी बोलवा. एक खुर्ची जास्त लागेल, एवढेच.

आम्हीही अलीकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या तीन मुलांना घेऊन बसतो. तिघांपैकी एकाला अजून अपूर्णांक जमत नाहीत. त्याला काय नाही, हे आम्ही आता कोणाला सांगत नाही.