शिकागोच्या गल्लीतली मुलं आणि जेन ॲडम्स



मुलांच्या शाळेकडून आलेल्या पत्रात 'गँग' हा शब्द दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. मग आपण स्वतःचीच समजूत घालतो, की आपली मुलं अभ्यासू आहेत, आपल्या घरचं वळण चांगलं आहे, ती कशाला त्या वाटेला जातील? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाठोडी घेऊन शिकागोत उतरलेल्या आईबापांनाही आपापल्या मुलांबद्दल असाच विश्वास वाटत असणार. अशा परदेशातून आलेल्या घरांतल्या मुलांसाठी जिने आयुष्य वेचलं, त्या बाईंची आज ओळख करून घेऊ.

जेन ॲडम्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल या छोट्या गावी झाला. वडील गिरणीमालक, राज्याच्या सिनेटचे सभासद आणि लिंकनचे स्नेही. जेन दोन वर्षांच्या असताना आई गेली. लहानपणी पाठीच्या कण्याला क्षय झाला आणि पाठीत कायमचा बाक राहिला. १८८१ साली रॉकफर्डचं शिक्षण संपलं आणि त्याच उन्हाळ्यात वडील वारले. डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, पण तब्येतीने साथ दिली नाही. घरी पैसा होता, हाती शिक्षण होतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं. अशी सात-आठ वर्षं गेली.

१८८८ साली लंडनमध्ये त्यांनी टॉयन्बी हॉल पाहिला. तिथे शिकलेले तरुण गरीब वस्तीतच राहायला जात आणि शेजाऱ्यांसाठी काम करत. जेनबाईंना वाट सापडली. १८ सप्टेंबर १८८९ रोजी मैत्रीण एलन गेट्स स्टार हिच्यासह त्या शिकागोच्या हॉल्स्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या वाड्यात राहायला आल्या. तेच हल हाऊस. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, रशियन आणि पोलिश ज्यू अशी दाटीवाटीची वस्ती होती.

तिथे त्यांना मुलांचे हाल दिसले. आईबाप दिवसभर कामावर. मुलं एक तर कारखान्यात नाही तर रस्त्यावर. खेळायला वीतभर जागा नाही. आगगाडीवर दगड मारणं, रुळाकाठी जाळ करणं, सिग्नलचे दिवे फोडणं असल्या उद्योगांसाठी पोलीस त्यांना धरून नेत आणि मोठ्या गुन्हेगारांच्याच तुरुंगात टाकत. जेनबाईंना या उद्योगांमागे दुष्टपणा दिसला नाही. काहीतरी धाडसाचं करायची त्या वयातली ओढ त्यांना दिसली. तिला चांगली वाट मिळाली नाही, तर ती वाईट वाट धरणारच. १९०९ साली त्यांनी याच विषयावर एक पुस्तक लिहिलं.

पण त्याआधी काम सुरू झालं होतं. बालवाडी निघाली, मुलांचे क्लब निघाले, व्यायामशाळा, नाटक, संगीत आलं. शिकागोतलं पहिलं सार्वजनिक क्रीडांगण हल हाऊसनेच उघडलं. पुढे जाझचा बादशहा झालेला बेनी गुडमन लहानपणी इथल्याच बँडमध्ये शिकला. १८९३ च्या कायद्याने इलिनॉयमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी झाली, त्यामागेही हल हाऊसच्या मंडळींचे कष्ट होते. जुलै १८९९ मध्ये देशातलं पहिलं बालन्यायालय शिकागोत सुरू झालं. मुलाला तुरुंगात न टाकता घरीच ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवणारे अधिकारी नेमायची तरतूद कायद्यात होती, पण त्यांच्या पगाराची नव्हती. तो पैसा हल हाऊसच्या आणि शहरातल्या इतर बायकांनी वर्गणी काढून उभा केला! १९०५ ते १९०९ या काळात जेनबाई शहराच्या शिक्षण मंडळावरही होत्या.

मला मात्र त्यांची सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. रस्त्यात चातीवर सूत काढत बसलेली एक इटालियन म्हातारी त्यांनी पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, की हिची नातवंडं हिचं हे कौशल्य कधी ओळखणारच नाहीत. इंग्रजी न येणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधणाऱ्या आईची शाळकरी मुलांना लाज वाटे. ज्याला घरची लाज वाटते, तो आपलं माणूस शोधायला नाक्यावर जातो. म्हणून १९०० साली त्यांनी 'लेबर म्युझियम' काढलं. तिथे वस्तीतलेच बायका-पुरुष सूतकताई, विणकाम, कुंभारकाम करून दाखवत. एक इटालियन मुलगी आईबरोबर दिसू नये म्हणून दुसऱ्या दाराने आत येई. एकदा शिक्षकमंडळी आपल्या आईभोवती कौतुकाने उभी असलेली तिने पाहिली. त्यानंतर ती आईच्याच दाराने येऊ लागली.

टोळ्या संपल्या का? नाही. १९२७ साली फ्रेडरिक थ्रॅशर यांनी शिकागोतल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक टोळ्यांचं मूळ गल्लीत एकत्र खेळणाऱ्या पोरांच्या घोळक्यातच सापडलं. जेनबाईंनी नेमकं तेच ओळखलं होतं. पोरं घोळका करणारच, तो कुठे जमतो आणि त्यात मोठं माणूस कोण आहे, याला महत्त्व.

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याने त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. पुढे १९३१ साली शांततेचं नोबेल विभागून मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. २१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं. मूळ वाडा आज संग्रहालय म्हणून उभा आहे.

मंडळी, आपली परिस्थिती त्या आईबापांपेक्षा कितीतरी बरी आहे. तरीही आपल्या डब्यातल्या भाजीची, आजीच्या नऊवारीची, आपल्या उच्चारांची मुलांना लाज वाटते का, हे एकदा पाहायला हवं. गणपतीच्या आरासीत आणि ढोल-लेझीममध्ये मुलांच्या हाती खरं काम द्या. आजी-आजोबा इकडे आले की त्यांना जे येतं ते मुलांसमोर, मुलांच्या मित्रांसमोर करू द्या. आणि मुलांच्या मित्रांना आपल्या घराचं दार उघडं ठेवा.