बिनोदबिहारी मुखर्जी

मुलांनो, डोळे मिटून वहीवर एखादे झाड काढून पाहा. खोड एकीकडे आणि फांद्या दुसरीकडे जातील. आता अशा एका चित्रकाराविषयी वाचा, ज्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पण चित्रकला गेली नाही.

बिनोदबिहारी मुखर्जी यांचा जन्म १९०४ साली कोलकात्यातील बेहाला येथे झाला. लहानपणापासूनच त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्या डोळ्याची दृष्टी फार अधू होती. पुढे ते रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात शिकायला गेले. तेथे १९१९ साली कलाभवन सुरू झाले, तेव्हा त्यांनी त्यात प्रवेश घेतला. इतके कमी दिसणाऱ्या मुलाला चित्रकला कशी जमणार, अशी शंका त्यांचे गुरू नंदलाल बोस यांना आली. रवींद्रनाथांनी मात्र सांगितले की, मुलगा मन लावून काम करत असेल तर त्याला शिकू द्यावे. १९२५ साली हाच विद्यार्थी कलाभवनात शिक्षक झाला. सत्यजित राय आणि के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचेच शिष्य.

१९३७ साली ते जपानला गेले. तेथे त्यांनी शाई व कुंचल्याची कला जवळून पाहिली. तुमच्यापैकी काही जण बोरूने खुशखत लिहीत असतील. एकदा उमटलेली रेघ खोडता येत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्या चित्रांचेही तसेच असते.

हा सराव त्यांच्या उपयोगी पडला. १९४६-४७ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचे मोठे चित्र रंगवले. हे काम ओल्या गिलाव्यावर करतात. गिलावा सुकण्यापूर्वी रंग भरावा लागतो. म्हणून एका दिवसात रंगवता येईल तेवढाच भाग लिंपायचा. बिनोदबिहारींनी पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर न उतरवता सरळ कुंचला चालवला. अधू नजरेच्या माणसाने हे केले, याचे मला फार नवल वाटते. त्या चित्रात विणकर कबीर आहेत, तुलसीदास आहेत आणि अंध कवी सूरदासही आहेत.

पुढे त्यांनी नेपाळमध्ये काठमांडूच्या सरकारी संग्रहालयात काम केले. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली नाही. होती तेवढीही दृष्टी गेली.

चित्रकाराने आता काय करावे? बिनोदबिहारी कलाभवनात परतले आणि कलेचा इतिहास शिकवू लागले. पूर्वी पाहिलेली चित्रे त्यांच्या मनात होती, त्यांवरून ते बोलत. हात मात्र रिकामे राहीनात. ते मेणाच्या लहान मूर्ती करू लागले. रंगीत कागद कापून, बोटांनी चाचपून चित्रे जुळवू लागले. १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी फरशीच्या तुकड्यांचे मोठे चित्र साकारले. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी आपल्या या गुरूंवर माहितीपट काढला. १९७४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

१९८० साली त्यांचे निधन झाले. कधी शांतिनिकेतनला गेलात, तर कलाभवनाची ती भिंत जरूर पाहा.