मुस्लिमगॉज : एकट्या माणसाचा बँड

नाव वाचून हा एखादा अरबी बँड असेल असं वाटलं ना? तसं काही नाही. मुस्लिमगॉज म्हणजे एकटा ब्रिन जोन्स. जन्म १७ जून १९६१, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा. ना अरब, ना मुसलमान. आईवडिलांच्या घरी राहणारा एक अबोल इंग्रज मुलगा.

त्या काळी तिकडे ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणणाऱ्या पोरांची लाटच आली होती. मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही. घरीच वाजवायचं, टेप करायचं, कॅसेटच्या प्रती काढायच्या आणि पोस्टाने धाडायच्या. ब्रिनही १९८२ साली असाच सुरू झाला, तेव्हा त्याचं नाव होतं ई.जी. ऑब्लिक ग्राफ. त्याच वर्षी इस्रायलचं सैन्य लेबनॉनमध्ये घुसलं आणि हा पठ्ठ्या हादरला तो कायमचाच. १९८३ पासून तो मुस्लिमगॉज झाला. इंग्रजीत मस्लिन म्हणजे आपली मलमल आणि गॉज म्हणजे जखमेवरची जाळीदार पट्टी. त्यावरची ही कोटी!

त्याच्या संगीतात गाणं असं नाहीच. तालवाद्यं, टेपचे लूप, मधेच कुणाचं तरी तुटक बोलणं. आवाज फाटतो, अचानक बंद पडतो. पहिल्यांदा ऐकताना टेपरेकॉर्डरच बिघडला असं वाटतं. विषय मात्र पक्का, बहुतेक वेळा पॅलेस्टाईन. १९९३ च्या ‘बिट्रेयल’ या अल्बममागे त्याच वर्षीचं राबिन-अराफत हस्तांदोलन आहे. शांततेचा करार याला विश्वासघात वाटला. ‘व्होट हेझबोला’ असंही नाव त्याने एका अल्बमला दिलं. इथे आपलं त्याच्याशी जमत नाही. बंदुकीची बाजू इतक्या सहज घेणं खटकतंच.

आणि गंमत म्हणजे हा माणूस मध्यपूर्वेत एकदाही गेला नाही! दुसऱ्याने बळकावलेल्या भूमीवर पाय ठेवणं त्याला मान्य नव्हतं. लोकांनी त्याला खोलीत बसून क्रांती करणारा ठरवलं. पण हौस म्हणून कुणी सोळा वर्षं एकाच विषयाला धरून बसत नाही.

कामाचा झपाटा तर विचारूच नका. ॲमस्टरडॅमच्या स्टालप्लाट कंपनीकडे टेपमागून टेप जायच्या. एक बाजारात येईपर्यंत पुढच्या येऊन पडलेल्या. असे नव्वदच्या वर अल्बम झाले.

१९९८ च्या अखेरीस त्याच्या रक्तात दुर्मिळ बुरशीचा संसर्ग झाला. १४ जानेवारी १९९९ ला तो गेला, वय अवघं ३७. साठलेल्या टेप मात्र संपेनात. त्यानंतरही वर्षानुवर्षं त्याचे नवे अल्बम निघत राहिले.