तंजावरचे श्वार्ट्झ : कृपेचे ऐकणारा सेवक

कुंभकोणम्‌हून तंजावरच्या वाटेला लागलात की तीनचार किलोमीटरांवर दारासुरम् हे गाव लागते. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर येथे आहे. २००४ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. मंदिर पाहून झाले म्हणजे आपण क्षणभर सभोवतालच्या भातशेतीकडेही पाहावे. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा हा मुलूख एके काळी व्यंकोजीराजांच्या वंशजांचा, म्हणजे तंजावरच्या मराठी भोसल्यांचा होता. अठराव्या शतकात याच राज्यातील शेतकऱ्यांनी राजाच्या शब्दावर जो विश्वास ठेवला नाही, तो एका परदेशी पाळकाच्या शब्दावर ठेवला. त्या पाळकाचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

तारण केवळ कृपेने होते, तर मग आज्ञापालनाची गरज काय? आणि आज्ञापालन आवश्यक असेल, तर कृपा फुकट कशी? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो. पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना मला या बाबतीत आपल्या मराठीने मोठे साहाय्य केले आहे. मूल ऐकत नाही असे आई म्हणते, तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असे तिला म्हणायचे नसते. नव्या करारातील आज्ञापालनाचा ग्रीक शब्दही ऐकणे या क्रियापदापासूनच झाला आहे. ज्याच्याशी आधी कोणी बोलले आहे, तोच ऐकू शकतो. कृपा म्हणजे देवाचे आधी बोलणे आणि आज्ञापालन म्हणजे आपले ऐकणे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीच पौल या दोहोंचा एकत्र उल्लेख करतो, आणि त्यात कृपेला पहिले स्थान देतो.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील सोनेनबुर्ग येथे झाला. आई त्यांच्या लहानपणीच वारली. मरताना तिने या मुलाला देवाच्या सेवेसाठी वाहिले होते. पुढे ते हाले येथील विद्यापीठात शिकले. केवळ कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण ही ल्यूथरची शिकवण तेथे होतीच. परंतु जिवंत विश्वास अनाथाच्या ताटात आणि गरिबाच्या शाळेत दिसला पाहिजे असाही तेथील आग्रह होता. हाले येथे तमिळ बायबल छापण्याची तयारी चालली होती. त्या कामात साह्य व्हावे म्हणून ते तमिळ शिकले. ती छपाई तडीस गेली नाही, परंतु त्या भाषेनेच त्यांना भारताकडे आणले. १७४९ साली कोपनहेगन येथे त्यांना दीक्षा मिळाली आणि १७५० साली ते तरंगमबाडीस उतरले. ते मायदेशी पुन्हा कधीही गेले नाहीत. त्यांनी लग्नही केले नाही.

तरंगमबाडी, त्रिचनापल्ली आणि शेवटी तंजावर अशी त्यांची सेवा झाली. दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. १७७९ साली कंपनी सरकारने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणास पाठविले. रक्तपात टळावा म्हणून ते गेले. हैदरने प्रवासखर्चासाठी दिलेली तीनशे रुपयांची थैली त्यांनी परत आल्यावर सरकारपुढे ठेवली आणि सरकारने ती घेतली नाही तेव्हा अनाथ मुलांच्या शाळेला दिली. तरीही पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. यशाची हमी मिळाली तरच ऐकायचे, असे ते ऐकणे नव्हते.

त्या युद्धात तंजावरच्या किल्ल्यात माणसे उपासमारीने मरू लागली. गावोगाव धान्य होते, पण ते आणायला बैल मिळेनात; कारण पूर्वी आणलेल्या मालाचे पैसे लोकांना मिळाले नव्हते. अखेर श्वार्ट्झ यांनी आपला शब्द दिला. थोड्याच दिवसांत सुमारे हजार बैल आले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. त्यांनी प्रत्येकाची पै न् पै चुकती केली. त्या एका शब्दामागे तीस वर्षांचा प्रामाणिकपणा उभा होता.

परंतु वाचकहो, हे निर्दोष माणसाचे चरित्र नव्हे. १७८७ साली मृत्युशय्येवरील तुळजाजी राजांनी आपला दत्तकपुत्र, दहा वर्षांचा सरफोजी, श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविला. श्वार्ट्झ यांनी ते पालकत्व एकट्याकडे घेतले नाही. राजाचे बंधू अमरसिंह यांचे नाव त्यांनी सुचविले. पुढे पंडितांनी दत्तकविधान अवैध ठरविले, अमरसिंह स्वतःच राजे झाले, आणि त्यांनी मुलाला कोंडून ठेवले. त्याचे शिक्षणही थांबले. पंडितांचा तो निवाडा श्वार्ट्झ यांनीही प्रथम मान्य केला होता. तो निर्मळ नव्हता हे त्यांना मागाहून उमगले.

तेव्हा त्यांचे वय साठीपलीकडे गेले होते. आपली चूक झाकून ते भक्तीत स्वस्थ बसू शकले असते. पण क्षमा मिळालेल्या माणसाला चूक कबूल करण्याचे भय उरत नाही. त्यांनी सरकारकडे पुन्हा पुन्हा दाद मागितली. १७९३ साली सरफोजीला मद्रासेस सुरक्षित नेण्यात आले, शिक्षण सुरू झाले आणि दत्तकाचा प्रश्न पुन्हा विचारात घेतला गेला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ प्रभूमध्ये निजले. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी सिंहासनावर बसले. ते राज्यारोहण पाहणे श्वार्ट्झ यांच्या नशिबी नव्हते.

दुसरी उणीवही सांगितली पाहिजे. त्यांच्या मंडळीत उपासनेच्या वेळीही जातींच्या जागा वेगळ्या राहिल्या. ज्याने राजा आणि रयत दोघांचे ऐकले, त्याला ती हाक पुरती ऐकू आली नाही. आपल्या कानांवरही कोणती हाक पडूनही पोहोचत नाही, हे आपण स्वतःस विचारावे.

सरफोजीराजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. पालकत्वाच्या बळावर त्यांना ख्रिस्ती करण्याचा सौदा श्वार्ट्झ यांनी केला नाही. कृपेचा सौदा होत नसतो. तरीही राजांनी जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे. वृद्ध पाळक मृत्युशय्येवर आहे आणि राजा त्याचा हात धरून उभा आहे. एके काळी ज्या मुलाचा हात त्या हाती दिला गेला, तोच हा हात.

बंधुभगिनींनो, आज्ञापालन हे कृपेचे मोल नव्हे. ते मोल वधस्तंभावर फेडले गेले आहे. म्हणूनच आपण न भिता ऐकू शकतो, आणि चुकलो तर परतूही शकतो. ज्याचे देणे आपण लांबविले आहे, ज्याची क्षमा मागायची राहिली आहे, ज्याचा हात आपण मध्येच सोडला आहे, असा कोणी आज आपल्याला आठवत असेल, तर ती आठवणही प्रभूच्या कृपेचीच वाणी समजा. ती ऐकण्यास प्रभू आपणांस साहाय्य करो.