गुरुदत्तचे बिनपगारी दहा महिने

असिस्टंट डिरेक्टर म्हणून सेटवर शिरायचं तुमच्या डोक्यात आहे ना? मग ‘प्यासा’वाल्या गुरुदत्तची ही बाजू माहीत असू द्या.

जन्म १९२५चा, बंगळूरचा. अल्मोड्याला उदय शंकर यांच्याकडे नाच शिकला आणि १९४४ मध्ये पुण्यात ‘प्रभात’मध्ये लागला. म्हणजे आज एफटीआयआय आहे त्याच आवारात! करार तीन वर्षांचा. तेव्हा स्टुडिओत माणसं महिन्याच्या पगारावर असायची. विश्राम बेडेकरांच्या ‘लाखारानी’त तो सहायक होता, वर छोटी भूमिकाही. ‘हम एक हैं’मध्ये सहायकाचं काम आणि नृत्यदिग्दर्शन, दोन्ही.

१९४७ मध्ये करार संपला. मग जवळपास दहा महिने काम नाही. माटुंग्याला घरच्यांकडे राहून तो कथा लिहीत होता. पुढे अमिय चक्रवर्ती आणि ज्ञान मुखर्जी यांच्याकडे पुन्हा सहायकच. दिग्दर्शक झाला तो १९५१ मध्ये, ‘बाजी’मुळे. तोही ‘प्रभात’मधला दोस्त देव आनंद याच्या बॅनरसाठी.

आज स्टुडिओचा तो बांधीव पगार नाही. बजेट केवढं, जाहिरात की मालिका, तुम्ही फर्स्ट एडी की नुसता क्लॅप देणारे, यावर आकडा ठरतो. म्हणून हो म्हणण्याआधी विचारा: काम किती दिवसांचं, पैसे कधी मिळणार? आणि दोन कामांच्या मधल्या महिन्यांचा हिशोब आधीच करा. गुरुदत्तला निदान माटुंग्याचं घर होतं. तुम्हाला मुंबईत खोलीचं भाडं भरायचंय.