कर्ट लेविन: नुसत्या सल्ल्याने सवय का बदलत नाही?

कर्ट लेविन यांचा जन्म 1890 मध्ये आजच्या पोलंडमधील मोगिल्नो गावात, ज्यू कुटुंबात झाला. आधी वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतलेले लेविन पुढे मानसशास्त्राकडे वळले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात लढताना ते जखमी झाले. तरीही हिटलर सत्तेवर आल्यावर, 1933 मध्ये त्यांना देश सोडून अमेरिकेला जावे लागले. मागे राहिलेली आई नाझींच्या छावणीत मारली गेली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. जनावरांचे हृदय, मूत्रपिंड पौष्टिक असूनही लोक खात नसत. लेविन यांच्या प्रयोगात गृहिणींच्या काही गटांना त्याचे फायदे व्याख्यानातून सांगितले गेले. इतर गटांत वास, नवऱ्याची नावड अशा अडचणींवर चर्चा झाली आणि करून बघायला तयार असलेल्यांनी सर्वांसमोर हात वर केले. व्याख्यान ऐकलेल्या 3 टक्के, तर चर्चा केलेल्या 32 टक्के स्त्रियांनी पूर्वी कधीच न केलेला पदार्थ घरी केला.

बाळंतिणींमध्येही हेच दिसले. बाळाच्या आहाराबद्दल एकेकीला 25 मिनिटे समजावण्यापेक्षा, तेवढ्याच वेळात सहा जणींनी मिळून केलेली चर्चा जास्त परिणामकारक ठरली.

1947 मध्ये, वयाच्या 56व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने लेविन यांचे निधन झाले.

मधुमेहाचे पथ्य आम्ही डॉक्टर सांगतो, तुम्ही मान डोलावता आणि घरी काहीच बदलत नाही. अशा वेळी स्वतःला दोष देऊ नका. घरच्यांसोबत बसा, अडचणी मोकळेपणाने बोला आणि सर्वांसमोर एकच बदल ठरवा.