शब्दांचा उपासक : वॉल्टर स्कीट

चॉसर आणि लँगलंड ही नावे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. पण त्यांचे काव्य वाचण्याजोगे करून आपल्या हाती देणाऱ्या संपादकाची आठवण क्वचितच कोणी काढते. म्हणूनच वॉल्टर विल्यम स्कीट यांच्याविषयी मला लिहावेसे वाटते.

स्कीट यांचा जन्म १८३५ साली लंडनमध्ये झाला. केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी अभ्यास केला तो गणिताचा! १८६० मध्ये ते तेथेच फेलो झाले. पुढे त्यांनी चर्चमध्ये धर्मोपदेशकाचे काम पत्करले. पण घटसर्पाच्या दुखण्याने तेही सोडावे लागले. तिशीच्या आतच आयुष्याची सारी आखणी मोडली. १८६४ मध्ये ते गणिताचे व्याख्याते म्हणून कॉलेजात परतले.

त्याच वर्षी फर्निव्हल यांनी जुने इंग्रजी ग्रंथ छापण्यासाठी 'अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी' स्थापन केली. त्यांच्या आग्रहावरून स्कीट संपादनाकडे वळले आणि त्यांना जन्माचे कार्य गवसले.

लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन'ची चाळीसहून अधिक हस्तलिखिते होती आणि पाठांचा नुसता गोंधळ होता. या काव्याची तीन निरनिराळी रूपे आहेत, हे स्कीट यांनी ताडून पाहून दाखवले. १८८६ मध्ये ती तिन्ही शेजारी-शेजारी छापून त्यांनी वाचकांपुढे ठेवली. या कामाला वीस वर्षे लागली!

१८७८ मध्ये केंब्रिजला अँग्लो-सॅक्सन भाषेचे नवे अध्यासन सुरू झाले. त्याचे पहिले प्राध्यापक स्कीटच. १८८२ मध्ये त्यांचा व्युत्पत्तिकोश पुरा झाला. अवघड शब्दाला साधारण तीन तास द्यायचे आणि पुढे जायचे, हा त्यांचा शिरस्ता! १८९४ मध्ये चॉसरचे समग्र साहित्य सहा खंडांत आले. चॉसरच्या नावावर खपलेल्या इतरांच्या रचना त्यांनी १८९७ च्या सातव्या खंडात वेगळ्या काढल्या. १९१२ साली, प्राध्यापकपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

पुढील संशोधकांनी त्यांचे अनेक पाठ व व्युत्पत्त्या दुरुस्त केल्या. मला यात त्यांचा गौरवच दिसतो. दुरुस्तीसाठीसुद्धा कुणीतरी आधी पाया घालावा लागतो. गाइडच्या आधाराने परीक्षा पार पाडणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी एका शब्दासाठी तीन तास बसणारा हा माणूस अधूनमधून आठवावा, एवढेच मला सांगायचे आहे.

— तृतीय वर्ष कला (इंग्रजी)